कोर्स घेऊ की ब्लॉग बंद करू?

*ताई, मी गोव्यात माशेलला राहते. वय ३१, शिक्षण बी.ए., मुलगी दुसरीत आहे. यांची औषधाच्या कारखान्यात पाळीची नोकरी. मागच्या गणेश चवथीपासून मी मराठीत ब्लॉग लिहिते. शिवराक (शाकाहारी) जेवण, सणावाराचे पदार्थ, थोडंफार देवळांविषयी, असे साठेक लेख झालेत. महिन्याला हजार-दीड हजार माणसं येतात. स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या ॲफिलिएट लिंक टाकल्या, म्हणजे त्यावरून कुणी वस्तू घेतली की मला कमिशन, पण काही महिने एक रुपया नाही. मग यांनी माझ्याच लिंकवरून मिक्सर घेतला, नणंदेने कुकर घेतला. चारशे बारा रुपये जमा दिसले आणि आठवड्याभरात खातंच बंद झालं. हा अन्याय नाही का? यांच्या नावावर दुसरं खातं काढावं म्हणते. आता शाळेतली एक मैत्रीण ९,९९९ रुपयांचा ॲफिलिएट मार्केटिंगचा कोर्स घे म्हणून मागे लागलीय. जागा धरून ठेवायला मी पाचशे रुपये भरलेसुद्धा. ती म्हणते, मराठीत पैसा नाही, इंग्रजीत लिही. सासूबाई म्हणतात, दिवसभर मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा शिवणकाम बरं. मी काय करू?*
*एक सून, माशेल*

बाय,

कोर्स घेऊ नकोस आणि ब्लॉगही बंद करू नकोस. इंग्रजीचं पुढे सांगते. आधी त्या बंद पडलेल्या खात्याचं बोलू, कारण तू अन्याय म्हणतेस आणि मला काही तसं वाटत नाही.

आपल्या लिंकवरून आपण किंवा आपल्या घरच्यांनी घेतलेली वस्तू कमिशनला धरत नाहीत, ही अट बहुतेक मोठ्या दुकानांच्या ॲफिलिएट करारात असते. कमिशन मिळतं ते नवं गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल. तुझे यजमान मिक्सर घेणारच होते, मग दुकानाने तुला कशाचे पैसे द्यायचे? खातं उघडताना ज्या लांबलचक पानाखाली ‘मान्य आहे’ वर आपण बोट ठेवतो, ते पान आता शांतपणे वाचून काढ. त्यात आणखीही गोष्टी सापडतील. लिंक कुठे कुठे टाकणार ती ठिकाणं आधी कळवावी लागतात. न कळवता फॅमिली ग्रुपवर ढकललेली लिंक तुझ्याच अंगाशी येते. आणि सुरुवातीच्या मुदतीत ठरावीक विक्री झाली नाही तर खातं आपोआप मिटतं. ॲमेझॉनवर ही मुदत १८० दिवसांची आहे. महिन्याला हजार माणसं येत असताना खातं उघडणं म्हणजे घड्याळ आधीच सुरू करून ठेवणं. यजमानांच्या नावावर दुसरं खातं काढायचा बेत मात्र सोडून दे. त्याच ब्लॉगवर त्याच घरातलं दुसरं नाव लावलंस तर तेही जाईल आणि पुढची दारं बंद होतील. जे झालं ते दोन ओळींत खरं खरं लिहून पुन्हा विचार करण्याची विनंती पाठव. ऐकलं तर ठीक, नाही तर दुसरी दुकानं आहेत.

आता हिशेब करू. तुझ्या साठ लेखांत हा कुठेच केलेला दिसला नाही.

तू खवणीवर लेख लिहिलास, टेबलाला घट्ट बसवायची, हाताने फिरवायची ती खवणी. तिची किंमत सहाशे रुपये धर. कमिशन पाच टक्के धर. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो, मोबाइलसारख्या वस्तूंवर तर अगदी नाममात्र, पण हिशेबापुरतं पाच धरू. म्हणजे एका खवणीमागे तीस रुपये. आता लेख हजार जणांनी वाचला, त्यातल्या पन्नास जणांनी लिंक दाबली आणि दोघांनी खवणी घेतली, असं मानू. हे मी सढळ हाताने धरतेय. तरी साठ रुपये झाले. मैत्रीण ‘सुरुवातीला सहा हजार तर कुठेच गेले नाहीत’ म्हणते ना, त्या सहा हजारांसाठी महिन्याला एक लाख वाचक लागतील. तुझ्याकडे दीड हजार आहेत.

घाबरवायला सांगत नाही. या हिशेबात हलवण्यासारखे आकडे दोन आहेत. एक म्हणजे वस्तूची किंमत, दुसरा म्हणजे हजारातले किती जण खरंच विकत घ्यायच्या तयारीने आलेत. वाचकांची संख्या वाढवायच्या मागे सगळे लागतात आणि दमतात. ‘खतखतं कसं करावं’ शोधणारी बाई घरात भाज्या घेऊन बसलेली असते, तिला काही विकत घ्यायचं नसतं. ‘नारळाचं वाटप (वाटण) बारीक होईल असा मिक्सर कोणता’ हे शोधणारी बाई मात्र पैसे हातात घेऊन बसलेली असते. अशा दोनशे बायका आल्या तरी खतखत्याच्या दोन हजारांपेक्षा भारी. आणि एक सोय लक्षात ठेव. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी लिंकवरून आत गेलेला माणूस २४ तासांच्या आत जे घेईल त्यातल्या बहुतेक गोष्टींवर कमिशन लागतं. खवणी बघायला गेलेली बाई खवणी न घेता कुकर घेऊन आली तरी तुझा वाटा आहेच.

त्या मिक्सरवरच राहू या. तुझा मिक्सरचा लेख मी वाचला. सातशे पन्नास वॅट, तीन भांडी, दोन वर्षांची वॉरंटी. बाय, हे तर खोक्यावरच छापलेलं असतं. पण तुझ्या घरी रोज वाटप होतं. भिजवलेले धणे, मिरच्या, ओलं खोबरं चटणीच्या लहान भांड्यात घातलं की पात्याखाली पाणी आणि वर कोरडा गोळा, असं होतं की नाही? झाकण काढून चमच्याने किती वेळा ढवळावं लागतं? सलग फिरवलं तर भांडं तळाशी गरम होऊन खोबऱ्याला तेल सुटतं का? वाटपाची हळद झाकणाच्या रबरात बसते, ती निघते का? सासूबाईंनी रगड्यावर केलेलं वाटप आणि हे, दोन्हींच्या आमटीत काय फरक पडला? हे तूच लिहू शकतेस. एकाच वाटपाचे दोन फोटो काढ, एक दोन मिनिटांनंतर आणि एक पाच मिनिटांनंतर, बोटावर घेऊन. पुण्यात स्थायिक झालेली फोंड्याची मुलगी तो फोटो बघून मिक्सर घेईल. आणि मिक्सर वाईट निघाला तर तसंही लिही. खाली त्यापेक्षा बरा कोणता हे सांग, पण तोही स्वतः कुणाच्या तरी ओट्यावर वापरून बघितलेला असू दे. किंमत लेखात लिहू नकोस, ती रोज बदलते आणि जुना आकडा बघितला की वाचक चिडतो.

नुसत्या पाककृतींच्या भरवशावर राहू नकोस, असंही मी म्हणेन. गूगल आता शोधपानाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर देतं. भारतात हे २०२४ च्या ऑगस्टपासून सुरू झालं. साहित्य आणि कृती तिथेच वाचून लोक परत जातात, तुझ्या पानापर्यंत येतच नाहीत. स्वतः जाऊन बघून आल्याशिवाय, वापरल्याशिवाय लिहिताच येत नाही, असं लिहिणाऱ्याला त्यातल्या त्यात जागा आहे.

आणि असं लिहिण्यासारखं तुझ्या दारातच आहे, म्हणून हे पत्र छापायला घेतलं. तुझे देवळांवरचे चार लेख मी बघितले. लोक त्यांवर जास्त वेळ थांबतात असं तूच पत्रात शेवटी कोपऱ्यात लिहिलं आहेस, आणि पुढे एक अक्षर नाही! मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्ग इथल्या कितीतरी कुटुंबांचं कुलदैवत तुमच्या फोंडा तालुक्यात आहे. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी. लग्न झालं, मूल झालं की ही माणसं येतात. त्यांना समुद्र नको असतो. त्यांना विचारायचं असतं की अभिषेकाचं कुणाला आणि किती दिवस आधी सांगायचं, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली मिळते का, तिथे गरम पाण्याची सोय आहे का, आजीला पायऱ्या किती चढाव्या लागतील, पहाटे करमळीला गाडीतून उतरलं तर बाणस्तारीवरून मंगेशीला बस मिळेल की रिक्षाच करावी लागेल, शिवराक जेवण कुठे. हे सगळं मराठीत, नीट, ताजं असं कुणी लिहिलेलं शोधून बघ, फारसं मिळणार नाही. सापडतो तो इतिहास. देव कुठून कुठे आले, पोर्तुगीज काय वागले. तो तूही लिहिला आहेस आणि चांगला लिहिला आहेस, पण उद्या येणाऱ्या माणसाचं त्याने भागत नाही.

शिवाय तुमचा चिखलकाला, चिखलात खेळायचा सण. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानावर जे चालतं ते बघायला आता बाहेरून माणसं यायला लागलीत. गाडी कुठे लावायची, चिखल अंगावर घ्यायचा नसेल तर कुठे उभं राहायचं, फोन कशात गुंडाळायचा, अंग धुवायला जागा आहे का? पाण्यात टिकणारं फोनचं पाकीट ही अगदी सरळ लिंक आहे, ओढूनताणून आणलेली नाही. पण हा लेख एकादशीच्या महिनाभर आधी टाक. आदल्या रात्री टाकलेला लेख गूगलला सापडेपर्यंत माणसं अंघोळ करून घरी गेलेली असतात.

राहण्याच्या जागांच्या लिंक इथे कामाला येतील. हॉटेल बुकिंगच्या संकेतस्थळांचे ॲफिलिएट कार्यक्रम असतात आणि दोन रात्रींच्या खोलीची रक्कम खवणीच्या कितीतरी पट असते. फक्त एक पथ्य पाळ. गोव्यात पर्यटकांना खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासून तसा कायदा आहे, आणि नोंदणीशिवाय चालणाऱ्या जागाही भरपूर आहेत. नोंदणी आहे का हे विचारल्याशिवाय कुणाच्या घराची शिफारस करू नकोस, मग तो नात्यातला असला तरी. विशेषतः नात्यातला असला तर. आणि अग्रशाळेसारख्या जागी कमिशन मिळणार नाही, तरी तिचं नाव सगळ्यात वर लिही. तुझं पान पुढच्या वर्षी पुन्हा उघडावंसं वाटेल ते अशा माहितीमुळेच.

यातच इंग्रजीचं उत्तर आलं. मराठी पानावरच्या जाहिरातींना इंग्रजीपेक्षा दर कमी मिळतो, हे मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही. पण इंग्रजीत गोव्यावर लिहिणारे ढिगाने आहेत आणि त्यांत तू कितव्या पानावर दिसशील याचा विचार कर. कुलदैवताला येणारी कोल्हापूरची काकू मराठीत शोधते. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरातींची सेवा २०१८ पासून मराठी पानांना चालते, तिथे अर्ज कर. त्यात १० डॉलर जमले की पत्त्याची खात्री करायला पोस्टाने एक पिन येतो आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. तेव्हा पत्ता लिहिताना घर क्रमांक आणि वाडा नीट लिही. आपल्याकडे पोस्टमन नावावरून घर ओळखतो म्हणून आपण पत्ता अर्धवट लिहितो, आणि त्या पाकिटावर नेमकं सासरचं नाव नसतं. आणि तिथेही तोच नियम, आपल्या जाहिरातीवर आपण क्लिक करायचं नाही, नणंदेलाही सांगून ठेव.

आता तो कोर्स. तू मैत्रिणीने पाठवलेले स्क्रीनशॉट मला जोडून पाठवलेस, बरं केलंस. त्यात आजची कमाई, आठवड्याची कमाई, गाडीसमोर उभी असलेली मुलं, सगळं आहे. काय विकून ती कमाई झाली तेवढंच कुठे नाही. खाली बारीक अक्षरात मात्र आहे. कोर्स घेणाऱ्याला त्याच कोर्सची लिंक मिळते आणि ती दुसऱ्याला विकली की निम्म्याहून जास्त रक्कम परत. म्हणजे तू ९,९९९ भरणार, मग तुझ्यासारख्या दोघी शोधणार, की तुझे पैसे सुटले. त्या दोघी आणखी चौघी शोधणार. माशेल-कुंभारजुव्यात शोधणार कुणाला? तुझ्या फुगडीच्या पथकातल्या बायका, बचत गटातल्या बायका, मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया. मिक्सरच्या लिंकवरून वाईट मिक्सर गेला तर एक वाचक नाराज होतो. इथे चवथीला ज्यांच्या दारात फुगडी घालायला जायचं त्याच बायकांचे पैसे अडकतात.

माणसं जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांना आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. ही कंपनी त्यात बसते की नाही हे मी तिचा करार बघितल्याशिवाय म्हणणार नाही. तू मैत्रिणीला एकच विचार, ‘हा कोर्स सोडून दुसरी कुठली वस्तू विकून तुला या महिन्यात किती मिळाले, तेवढा स्क्रीनशॉट दाखव.’ बाकी कोर्समध्ये जे शिकवतात, डोमेन कसं घ्यायचं, लेखाचं शीर्षक कसं द्यायचं, लिंक कशी बनवायची, ते गूगलच्या आणि त्या त्या दुकानाच्या मदतीच्या पानांवर फुकट आहे आणि यूट्यूबवर मराठी-हिंदीत पुष्कळ आहे. खर्च करायचाच असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घे, वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. बाकी गूगलची ब्लॉगर ही सेवा फुकट आहे, तिथेच राहा.

लिंकच्या बाबतीत एक सक्तीची गोष्ट तू अजिबात करत नाहीस. कमिशन मिळतं हे वाचकाला सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली, समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या. दंड १० लाखांपर्यंत आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. माशेलच्या सुनेला कुणी दहा लाखांची नोटीस पाठवेल असं नाही, पण सवय आताच लागू दे. लेख मराठीत म्हणून सूचनाही मराठीत, आणि लिंकच्या वर, तळाला लपवून नाही. ‘या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत तीच राहते.’ एवढं पुरे. मी स्वतः हे लिहिते आणि त्यामुळे कुणी लिंक दाबायचं थांबलंय असं मला दिसलेलं नाही.

पॅन नंबर सगळीकडे भर, नाही तर कर जास्त कापला जातो. जे मिळेल ते उत्पन्नात दाखवायचं, कमी असलं तरी. जीएसटीची भीती मैत्रिणीने घातली असेल तर ती काढून टाक. सेवेसाठी गोव्यात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि तू अजून चारशे बारावर आहेस.

सासूबाईंचं काय करायचं? त्या चुकीचं बोलत नाहीत. शिवणकामाचे पैसे त्याच आठवड्यात हातात येतात, ब्लॉगचे वर्षभर आलेले नाहीत आणि पुढचं वर्षही घराला पुरतील असे येणार नाहीत. ब्लाऊज शिवता येत असतील तर शिव आणि ब्लॉगला सकाळी यजमान पाळीला आणि मुलगी शाळेला गेली की मिळेल तो एक तास दे. आठवड्याला एकच लेख, पण जाऊन, बघून, विचारून. आणि सासूबाईंनाच कामाला लाव. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला काय काय बांधायचं, त्यातलं कुठलं रानातलं फळ कुठल्या बाजारात कधी येतं, हे त्यांना येतं आणि तुला येत नाही, हे तुझ्या चवथीच्या लेखात स्पष्ट दिसलं. त्यांचा फोटो टाकायचा तर विचारून टाक.

राहिले ते पाचशे. परत माग, लेखी माग. ‘जागेचे पैसे परत मिळत नाहीत’ असं उत्तर आलं तर सोडून दे, आणि ते वसूल करायला म्हणून पुढचे साडेनऊ हजार भरू नकोस. पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला किंवा आधी आणखी रक्कम भरायला सांगितली, तर फोन ठेव. पैसे गेलेच तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन कर. मैत्रिणीशी भांडू नकोस, तीही कुणाच्या तरी लिंकवरून यात आलेली आहे. तिला एवढंच पाठव, आज रात्रीच पाठव: ‘मी कोर्स घेत नाही. पाचशे परत पाठव. आणि पुढच्या रविवारी मंगेशीच्या अग्रशाळेची माहिती काढायला चालले आहे, गाडी तुझी आहे, येतेस का?’